ताटाच्या कडेवरची तार

माझे वडील जेवताना डाव्या हाताने तारा पाठवत. उजवा हात भात कालवत असे आणि डावा ताटाच्या कडेवर टेकलेला असे. ठिपक्याला तर्जनीच्या नखाची टिचकी, रेघेला बोटाच्या पेराचा ठोका. पितळेच्या ताटावर या दोन्हींचे आवाज वेगळे येतात. दिवसभर दोह्याच्या तार ऑफिसात बसून पाठवलेल्यातलं काहीतरी हातात उरतं आणि ते घरी आल्यावर बाहेर पडतं, अशी आईची समजूत होती. "हे आले, पण हात अजून ऑफिसातच आहे," असं ती वाढताना म्हणे. बाबांना याचा पत्ता नसे. कुणी पाहिलं की हात थांबे आणि दोन घासांनी पुन्हा सुरू होई.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. माझ्यासारख्या मुलीला जाता येईल अशी शाळा तिथे नव्हती, म्हणून बाबा घरीच शिकवत. अंकगणित आणि इंग्रजी झाल्यावर शुक्रवारी दुपारी एका फळीवर ठोकलेली तारयंत्राची जुनी किल्ली ते पेटीतून काढत आणि मला मोर्सची अक्षरं देत. माझ्यासाठी ते अतिशय हळू पाठवत. एक अक्षर झालं की थांबत, मी ते पाटीवर लिहिलं की पुढचं. त्यांचा स्वतःचा हात माझ्या कितीतरी पट वेगाने चालायचा. जेवतानाची ती टकटक मी कान देऊन ऐकत असे, पण त्यातलं एखादं टी किंवा ई सोडलं तर मला काही पकडता येत नसे. हे शिकणं घराबाहेर बोलायचं नव्हतं. तारेतला मजकूर कुणाला कळू देणार नाही असं बाबांनी नोकरीला लागताना लिहून दिलं होतं, आणि तारमास्तराच्या घरात ती लिपी जाणणारं आणखी कुणी असणं ऑफिसला चाललं नसतं. "आपल्या दोघांतलं," ते किल्ली पेटीत ठेवताना म्हणत. मला ते आवडे.

हे सगळं मी लुसैलमध्ये, मुलाच्या फ्लॅटमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर बसून लिहिते आहे. समोर वर्ल्ड कपचं नवं स्टेडियम आहे. माझा मुलगा तिथल्या वातानुकूलनाच्या कामावर आहे आणि गेले काही महिने तो घरी फक्त झोपायला येतो. ज्या घराबद्दल मी लिहिते आहे ते इथून दक्षिणेला, जुन्या दोह्यात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत होतं. मुलाने मला तिकडे गाडीने नेलं. गल्ली सापडली नाही. समुद्रही जिथे असायला हवा होता तिथे नव्हता. तो भराव घालून पुढे ढकलला आहे.

त्या घराच्या भिंती समुद्रातल्या खडबडीत दगडाच्या आणि मातीच्या होत्या. छताला खारफुटीच्या लाकडाचे वासे, वर चटया आणि चिखलाचा थर. पाणी गाढवावरून येई आणि त्याला कातड्याचा वास असे. मुंबईहून बोट आली की आजोळचं पत्र्याचं डबडं येई: कोकमं, सोडे, उकडे तांदूळ, आणि मालवणी मसाला वर्तमानपत्राच्या तीन पदरांत बांधलेला. आई ते वर्तमानपत्र सपाट करून बाबांच्या हातात देई आणि ते दीड महिन्यापूर्वीच्या बातम्या शेवटपर्यंत वाचत. सुरमई तिथे भरपूर मिळे. आई म्हणे, मासा आपलाच आहे, फक्त माणसं वेगळी. भिंतींच्या भेगांत विंचू असत. मी तिथे आल्याबरोबर शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे चपला झटकून घालायच्या आणि बसण्याआधी खुर्ची उचलून खाली पाहायचं. आदल्या वर्षी आईला विंचू चावला होता. तिचा पाय पोटरीपर्यंत सुजला, आणि दोन दिवस ती ज्या आवाजात कण्हत होती तो मी त्याआधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यानंतर मी कशाला सर्वांत जास्त भीत असे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेजाऱ्यांनाही.

शेजारी उस्ताद युसुफ राहत. नव्या शाळेत ते मुलांना शिकवत. ते मूळचे पॅलेस्टाइनचे. त्यांचं गाव युद्धात गेलं होतं. दुसऱ्या एका देशात त्यांनी काही वर्षं काढली, तिथल्या सरकारविरुद्ध काहीतरी छापलं आणि वॉरंट निघाल्यावर इथे आले. हे त्यांनीच बाबांना सांगितलं होतं, अगदी सहज, चहा घेताना. त्यांच्या बायकोला सगळे उम्म लैला म्हणत, लैलाची आई. लैला दीड वर्षांची होती आणि दिवसातला बराच वेळ माझ्या कडेवर असे. तिला घेऊन गल्लीत हिंडताना मी जी अरबी शिकले ती आईला बाजारात उपयोगी पडे. आई आणि उम्म लैला यांच्यात एकही भाषा सारखी नव्हती. एक पद्धत मात्र सारखी होती: भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यामुळे निळ्या नक्षीचा एक वाडगा दोन्ही घरांत सतत ये-जा करत राही. आमच्याकडून फोडणीचा भात गेला तर तिकडून खजूर, तिकडून ऑलिव्ह आले तर आमच्याकडून सांजा. ऑलिव्ह घरात कुणाला आवडत नसत, पण आई ते लोणच्यासारखे मीठ-मिरचीत घालून ठेवी आणि चांगले आहेत असं सांगून पाठवी.

उस्ताद बाबांना माझ्या नावावरून अबू सुधा, सुधाचा बाप, म्हणत आणि त्यांची थट्टा करत. एकदा ते म्हणाले, "अबू सुधा, तुम्ही इंग्रजांना तुमच्या घरातून काढलंत, आणि त्यांची बॅग उचलून त्यांच्या मागोमाग आमच्या घरात आलात."

बाबा हसले. आपली नोकरी तारेची आहे, साहेबाची नाही, असं काहीतरी ते इंग्रजीत म्हणाले. उस्तादही हसले. रात्री बाबांनी ते आईला सांगितलं तेव्हा मात्र त्यांना हसू आलं नाही.

तेव्हा कतारवर इंग्रजांचं राज्य होतं असं कागदावर म्हणता येत नसे. अमीर होते, त्यांचा वाडा होता. पण इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यावर झेंडा होता, पोलिसांचा वरिष्ठ इंग्रज होता, तेल काढणारे इंग्रज होते, आणि तार ऑफिसचे मॅनेजर प्रॉक्टर साहेब इंग्रज होते. त्यांच्या हाताखालचे आम्ही. ऑफिसात, बँकेत, गोदामात कारकुनी करणारे बहुतेक हिंदी. साहेब जे बोलेल ते कागदावर उतरवणारा माणूस आमच्यातला असे, आणि कागद हातात पडल्यावर लोकांना दिसे तो आमचाच चेहरा. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. प्रॉक्टर साहेब मला आवडत. ते स्वतः चौदाव्या वर्षी किल्लीवर बसलेले, तारमास्तराचे मॅनेजर झालेले. दिवाळीला ते आमच्याकडे येत, चकली दोन बोटांत धरून सगळीकडून पाहत आणि मग संपवत.

त्या वर्षीच्या, म्हणजे छप्पन्नच्या, दिवाळीच्या दिवसांत सुवेझच्या कालव्यावर इंग्रजांचे बॉम्ब पडले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाचं दुकान होतं, तिथे रेडिओ होता आणि त्यावर कैरो लागे. एरवी दुकानात बोलणं चाले; त्या आठवड्यात ते बंद झालं. माणसं उभी राहून ऐकत, गल्ली भरून जाई, आणि निवेदकाचा आवाज थांबला की त्या शांततेनंतर एकदम गलका होई. आई दाराला आतून आडणा लावू लागली. शुक्रवारी नमाजानंतर मोर्चा निघाला. मी छतावरच्या कठड्याच्या भोकातून पाहिला. तेलाच्या कामावरचे मजूर, दुकानदार, कोळी, शाळेतली मोठी मुलं. पुढच्या रांगेत उस्ताद युसुफ होते. ते एरवी जे कपडे घालून शाळेत जात तेच त्यांनी घातले होते, आणि ते ओरडत होते. ज्या माणसाला मी रोज लैलाचं नाक पुसताना पाहत असे त्याचा तो चेहरा मला ओळखू येईना. मी खाली पळाले.

तासाभराने बाबा घरी आले ते उस्तादांच्या आधाराने. तार ऑफिसवर दगड पडले होते. बाबा दार बंद करायला बाहेर आले तेव्हा कुणीतरी "इंग्रजांचा नोकर" म्हणून ओरडलं आणि दगड कानाच्या वर लागला. उस्तादांनी मोर्चा सोडला, त्यांना हाताला धरून गर्दीतून काढलं आणि गल्लीपर्यंत आणलं. आईने हळद लावली. उस्ताद उंबऱ्यातच थांबले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. दगड मारणारा कोण ते आपल्याला माहीत आहे, तो वाईट नाही, असं ते म्हणाले. बाबा म्हणाले, मलाही माहीत आहे, त्याच्या आईला गेल्या महिन्यात मीच तार वाचून दाखवली.

त्यानंतरचे दिवस मला घरातल्या आवाजांवरून आठवतात. आडण्याचा. छतावरून कुणीतरी चालल्याचा, जो बहुतेक वेळा मांजराचा निघे. बाबांना सकाळी न्यायला पोलिसाची गाडी येई आणि तिचं इंजिन दाराशी गुरगुरत राही. गल्लीतल्या सगळ्यांना ते ऐकू जाणार याची आईला शरम वाटे आणि गाडी गेली की भीती. लैलाला आणायला मी जाई तेव्हा उम्म लैला हसे, पण दार पूर्वीइतकं उघडत नसे.

मंगळवारी संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही जेवायला बसलो. सोड्यांची आमटी होती. बाबा बोलत नव्हते, पण त्या आठवड्यात कुणीच फारसं बोलत नव्हतं. त्यांचा डावा हात ताटाच्या कडेवर गेला आणि टकटक सुरू झाली. मी सवयीने कान दिला. वाय. यू. एस. यू. एफ. मी घास हातात धरून बसले. पुन्हा वाय, यू, एस, यू, एफ. नावं दोनदा पाठवायची हा तारेचा नियमच होता. मग फ्रायडे. मग प्लेन. मग पोलीस. मग नो रिटर्न. मग हात थांबला आणि बाबांनी भात मागितला.

इंग्रज अधिकाऱ्याच्या गुप्त तारा आकड्यांत येत. बाबा ते आकडे पाठवत, अर्थ त्यांनाही कळत नसे. ही मात्र विमानात जागा राखून ठेवण्याची साधी तार होती, असं मी नंतर जुळवलं. कुणाला तरी ती आकड्यांत घालावी इतकी महत्त्वाची वाटली नसावी. त्या संध्याकाळी मला एवढंच कळलं की शुक्रवारी पोलीस उस्तादांना विमानात घालणार आहेत, आणि ते विमान जिथे उतरेल तिथे वॉरंट घेऊन माणसं उभी असतील. दुसरी गोष्टही कळली. बाबांनी जे कुणालाही सांगणार नाही म्हणून लिहून दिलं होतं, ते त्यांच्या बोटांतून सांडलं होतं, आणि ते मी उचललं होतं.

मी आईकडे पाहिलं. ती आमटी वाढत होती. बाबांकडे पाहण्याचं मला धैर्य झालं नाही.

बुधवारी सकाळी निळा वाडगा आमच्याकडेच होता. आईने त्यात शंकरपाळे भरले आणि मला शेजारी पाठवलं. उम्म लैला परातीत पीठ मळत होती. मी वाडगा खाली ठेवला आणि अरबीत सांगितलं: शुक्रवार, विमान, पोलीस, उस्ताद. माझी अरबी गल्लीतली होती, पण एवढ्यासाठी पुरेशी होती. तिने मला कुणी सांगितलं असं विचारलं नाही. ती पीठ मळत राहिली. मग हात पुसून माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "सुधा, तू इथे आली नव्हतीस. शंकरपाळे आले, तू नाही." मी मान हलवली. लैला माझ्याकडे येण्यासाठी हात पुढे करत होती. मी तिला न घेता परतले. आजवर मी ज्या गोष्टींचा पश्चात्ताप केला त्यांत ही एक आहे.

गुरुवारी सकाळी आमच्या उंबऱ्यावर निळा वाडगा खजुरांनी भरून ठेवलेला होता. शेजारच्या दाराला कुलूप होतं. बाबा ऑफिसला निघाले तेव्हा त्यांनी वाडगा पाहिला, मग कुलूप पाहिलं, एक खजूर उचलून तोंडात टाकला आणि पोलिसाच्या गाडीत बसले. दुपारी पोलीस आले आणि त्यांनी कुलूप तोडलं. मी भिंतीला कान लावून बसले होते. आत फार वेळ लागला नाही. नंतर कळलं की पीठ परातीत तसंच होतं, वर ओलं फडकं, आणि ते फुगून परातीबाहेर आलं होतं. पोलिसांनी त्यावरून ती माणसं कधी गेली असतील याचा हिशेब केला. घाटावरच्या दोन होड्या नव्हत्या. त्यांतली एक, समुद्रात जिथे मोती काढतात त्या वाळूच्या पट्ट्याकडे गेली होती. दुसरी कुठे गेली ते कुणी सांगेना. वारा पडलेला होता. आपल्या किनाऱ्याच्या टापूतून बाहेर पडायला तिला संध्याकाळ लागणार, असं पोलीस दारातच एकमेकांना हिंदीत सांगत होते.

चार वाजता प्रॉक्टर साहेब बाबांना घेऊन आमच्या घरी आले.

आईने वेताच्या दोन खुर्च्या पुढे केल्या. साहेबांनी तिसरीही मागितली, माझ्यासाठी. मला खुर्चीखाली पाहायचं होतं, पण साहेब माझ्याकडेच पाहत होते, म्हणून मी तशीच बसले. माझे पाय जमिनीला टेकत होते आणि ते उघडे होते. आईने चहा आणला आणि फराळाची बशी ठेवली. साहेब नेहमीसारखेच बोलत होते, सावकाश आणि नीट. पुढची दहा-पंधरा मिनिटं मला जितकी स्पष्ट आठवतात तितकं माझ्या आयुष्यातलं दुसरं काही आठवत नाही. मी मुंबईत तीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. दुसऱ्यांनी पाहिलेलं तपासून घ्यायची मला सवय आहे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे.

साहेब म्हणाले की मंगळवारची तार दोनच माणसांच्या हातून गेली, त्यांच्या आणि मिस्टर सामंतांच्या, म्हणजे बाबांच्या. आपण स्वतः कुणाला सांगितलेलं नाही. बाबा म्हणाले, मीही नाही, सर. घरी बायकोला? तिला इंग्रजी येत नाही, आणि मी ऑफिसचं घरी बोलत नाही. शेजाऱ्यांशी येणं-जाणं होतं? होतं. ते सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी मान डोलावली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली होती, लिहायला असावी असं वाटलं, पण कागद काढला नाही.

"आणि मुलीला मोर्स येतं का, मिस्टर सामंत?"

"नाही, सर."

बाबांना मी त्याआधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज बदलला नाही. दोन्ही हात त्यांनी मांड्यांवर उपडे ठेवले होते. साहेब "बरं" म्हणाले आणि हवेबद्दल बोलू लागले. नोव्हेंबर इथला सर्वांत चांगला महिना, आपल्या बायकोलाही फक्त हाच महिना सोसतो, असं ते आईकडे पाहून म्हणाले आणि बाबांनी ते मराठीत सांगितलं. साहेबांची पेन्सिल बशीच्या कडेवर होती. ती हलू लागली. ठिपक्याला टोकाची टकटक, रेघेला कडेवरून लहानशी ओढ. अगदी हळू. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं. बाबा मला शुक्रवारी देत असत तसं.

एस. सी. ओ. आर. पी. तिथे मला कळलं. पुढची अक्षरं यायच्या आतच कळलं, आणि तरीही ती एकेक करून येत राहिली. स्कॉर्पियन. अंडर. गर्ल्स. चेअर.

साहेब तोंडाने हवेबद्दल बोलत होते आणि माझ्या पायांकडे पाहत होते. मला आईच्या सुजलेल्या पोटरीची आठवण झाली, आणि त्या कण्हण्याची. उजव्या पायाच्या टाचेपाशी काहीतरी आहे असं मला वाटलं. ते वाटणं खरं की खोटं हे पाय उचलल्याशिवाय कळणार नव्हतं. पाय उचलला असता तर बाबा खोटारडे ठरले असते, आणि खोटं का बोलले याचं एकच उत्तर होतं. मग ती होडी कधी निघाली, कुणाच्या सांगण्यावरून निघाली, हे सगळं धाग्यासारखं सुटत गेलं असतं. आणि होडी अजून संध्याकाळपर्यंत किनाऱ्याच्या टापूतच होती. अकरा वर्षांच्या मुलीने एवढा विचार केला का? मला वाटतं केला, पण शब्दांत नाही. मी समोरच्या बशीतल्या चकलीचे वेढे मोजू लागले. पेन्सिल थांबली आणि तीच तार पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. नावं दोनदा पाठवतात. मजकूर दोनदा पाठवत नाहीत. मी पाय हलवले नाहीत.

दुसऱ्यांदा संपल्यावर बाबा बोलले. इंग्रजीत, नोकरीतल्या आवाजात.

"खुर्च्या मी सकाळीच उचलून पाहिल्या आहेत, सर. खाली काही नाही."

साहेब हसले. हाताची जुनी सवय, असं म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवली. आईला काय चाललं आहे ते कळलं नाही. तिने चहा गार झाला का असं खुणेने विचारलं. साहेबांनी तो संपवला, चकली घेतली नाही, आणि उठले. दाराशी त्यांनी बाबांशी हात मिळवला. मग माझ्याकडे वळून पाहिलं.

"तुमची मुलगी फार स्थिर बसते, मिस्टर सामंत."

एवढंच. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. कळून त्यांनी ते सोडून दिलं असेल, तर त्याचं कारणही माझ्याकडे नाही. पुढे काही झालं नाही. बाबांची नोकरी राहिली. दोन वर्षांनी आम्ही करार संपवून परतलो. ती होडी पकडली गेल्याचं कुणी कधी सांगितलं नाही. ती कुठे पोचली हेही कुणी सांगितलं नाही.

साहेबांची गाडी गेल्यावर बाबांनी माझी खुर्ची उचलून पाहिली. खाली काही नव्हतं. मग त्यांनी माझ्या चपला आणल्या, एकेक उलटी करून उंबऱ्यावर झटकली आणि माझ्या पायांपुढे ठेवली. मी त्या पायांत घातल्या. पुढच्या शुक्रवारी किल्ली पेटीतून निघाली नाही, आणि नंतरही कधी नाही. जेवताना बाबांचा डावा हात आता मांडीखाली असे. ताटाच्या कडेचा आवाज बंद झाला. आईला त्याची इतकी सवय होती की ती कित्येक दिवस वाढताना मध्येच थांबे, काहीतरी राहिलं आहे असं वाटून.

मी हे सगळं माझी चूक म्हणून सांभाळलं. बाबांची बोटं नकळत बोलली, मी चोरून ऐकलं, आणि माझ्यामुळे त्यांना साहेबांसमोर खोटं बोलावं लागलं. त्यांनी मला कधी विचारलं नाही, तेही मी माझ्यावरचा राग समजले. पत्रकारितेत आल्यावर मी कुणाचं नाव, कुणाचा पत्ता कधी पुढे केला नाही. सहकारी त्याला शिस्त म्हणत. ती भीती होती. बाबा गेल्यानंतर, दादरच्या घरात तांदूळ निवडताना, आईने एकदा आपणहून एक गोष्ट सांगितली. बेचाळीस साली बाबा मालवणच्या तार ऑफिसात नवे होते. पकडायच्या माणसांची यादी त्यांच्या हातून गेली. त्यात ज्यांनी त्यांना लिहायला शिकवलं त्या मास्तरांचं नाव होतं. "ह्यांनी ती पाठवली आणि घरी येऊन जेवले," आई म्हणाली. "मास्तर तुरुंगातच गेले गो." आणि तिने सूप झटकलं. मी ते ऐकलं आणि बाबांबद्दल वाईट वाटून घेतलं. त्यापुढे मी गेले नाही.

गेल्या आठवड्यात माझी नात मिहिका माझ्यापाशी येऊन बसली. तिला मराठी कळतं. उत्तर ती इंग्रजीत देते. शाळेत कुणीतरी मोर्सबद्दल सांगितलं होतं आणि आजीला ते येतं हे तिला बापाकडून कळलं होतं. तिने अक्षरांचा तक्ता समोर ठेवला, पेन घेतलं. खाली स्टेडियमच्या दिव्यांची चाचणी चालू होती, ते लागत होते आणि विझत होते. मी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर तिचं नाव वाजवलं. नखाची टिचकी, पेराचा ठोका. इतक्या वर्षांनीही हात आपोआप चालला; एकटी असताना तो कुठेतरी वाजतच आला होता. तिला काहीच लिहिता आलं नाही. मी तेच पुन्हा वाजवलं, तसंच. सवयीचा हात स्वतःहून हळू होत नाही. हळू व्हायचं असेल तर ते ठरवावं लागतं, समोर कोण ऐकतं आहे, त्याला किती जमतं, हे मनात धरून प्रत्येक अक्षरामागे थांबावं लागतं.

वाय. यू. एस. यू. एफ. प्रत्येक अक्षरामागे थांबणं होतं. पाटीवर लिहून होईल एवढं.

बाबांच्या नेहमीच्या वेगाने ती तार मला वाचताच आली नसती. सहासष्ट वर्षं मी या एका गोष्टीच्या शेजारून गेले. ते मला ऐकवत होते. त्यांना स्वतःला शेजारी जाता येत नव्हतं, तोंडाने सांगता येत नव्हतं, आणि वाडगा घेऊन जाणारी मुलगी घरात होती. सगळ्या जगात ती लिपी आणि ती गल्लीतली अरबी दोन्ही येणारं माणूस एकच होतं, आणि ते अकरा वर्षांचं होतं. हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल असं कुणालाही वाटेल. मला भीती वाटली, त्या खुर्चीवर वाटली होती तशीच. फक्त या वेळी मी त्यांच्या जागी बसले होते, मांड्यांवर हात उपडे ठेवून, पेन्सिलीची टकटक ऐकत, आणि समोर माझी मुलगी होती.

मिहिकाने पेनाने टेबलावर टोचलं. मी थांबले होते हे तिच्या लक्षात आलं होतं.

"स्लोअर, आजी," ती म्हणाली.

त्या मंगळवारी मला तसं म्हणावं लागलं नव्हतं.